छपराखालचा पाऊस

हवामान कार्यालयातल्या जुन्या वह्यांना रेकॉर्डबाई डोळ्यांत तेल घालून जपत. पावसाच्या शंभर वर्षांच्या नोंदींत एकही आकडा खोटा नाही, हे त्या आल्यागेल्याला ऐकवत. पण वह्यांच्या खोलीला ओल होती आणि हवेतला ओलावा शोषणारं यंत्र एकच, तेही म्हातारं. दुसरं मिळावं म्हणून केलेला अर्ज साहेबांच्या टेबलावर इतका काळ पडून होता, की आता त्यालाच बुरशी यायची बाकी होती.

त्या सकाळी यंत्राखालची बादली काठोकाठ भरली होती आणि मोरी तुंबली होती. बाईंनी बादली मागच्या अंगणात नेली आणि चपला भिजू नयेत म्हणून लांबूनच पाणी हिरवळीवर भिरकावलं. हिरवळीच्या मधोमध पर्जन्यमापक आ वासून उभा होता. बाईंचं लक्ष चपलांकडे.

अर्ध्या तासाने निरीक्षक धावत साहेबांच्या खोलीत शिरला. "साहेब, पाऊस! साडेचार मिलिमीटर! वहीत शाईनं चढवलासुद्धा!"

साहेब ताडकन उठले. आदल्या संध्याकाळी त्यांनीच पावसाचा अंदाज दिला होता. आणि साहेबांनी पाऊस सांगितला की लोक बिनधास्त कपडे वाळत घालत.

"कधी पडला?"

"पहाटे. पत्र्यावर नुसता ताडताड आवाज!" रात्रपाळीला आपण जागे होतो, हे दाखवायला त्याला एवढं तरी ऐकणं भाग होतं.

साहेबांनी खिडकीतून पाहिलं. हिरवळ ओलीचिंब, पलीकडचा रस्ता ठणठणीत कोरडा. "अगदी स्थानिक सर!" ते कौतुकाने म्हणाले आणि त्यांनी रेडिओवाल्यांना फोन लावला.

थोड्या वेळाने बाईंना नवऱ्याचा फोन आला. "अगं, तुमच्या अंगणात पाऊस झाला म्हणे! रेडिओवर ऐकलं आणि गच्चीवरच्या गाद्या एकट्यानं खाली आणल्या. कंबर धरलीय माझी. आणि बाहेर बघतो तर लख्ख ऊन!"

"आमच्या अंगणात?" बाईंची नजर रिकाम्या बादलीवर गेली आणि तिथेच खिळली.

तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं. "या, या! आज मन प्रसन्न आहे. कुठाय तो तुमचा अर्ज?" त्यांनी तो ढिगाऱ्यातून स्वतः उपसून काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. शेजारी आजची वही पडली होती. ताज्या शाईतले साडेचार मिलिमीटर बाईंकडे टकामका बघत होते. यंत्र मिळणार होतं. पण ते जपणार काय, तर हा आकडा?

"साहेब, सही करू नका."

"का? दोन हवीत?"

"तो पाऊस मी पाडला."

बाईंनी बादलीची हकीकत सांगितली. साहेब मटकन खुर्चीत बसले. "अहो, रेडिओवर सांगून बसलोय मी!"

"आमच्या ह्यांनी गाद्याही उचलल्या."

साहेबांनी कपाळावर हात मारला. मग एकदम म्हणाले, "एका रात्रीत बादलीभर पाणी? त्या वह्यांच्या खोलीतून?"

"रोजच, साहेब."

"म्हणजे पाऊस पडला. फक्त छपराखाली." त्यांचा चेहरा जरा उजळला. "अंदाज बरोबरच होता हो, जागा तेवढी चुकली." आणि त्यांनी अर्जावर सही ठोकली.

वहीत खाडाखोड करायची नाही, हा बाईंचाच नियम. त्यांनी आकड्यावर एकच सरळ रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "बादली ओतली गेल्यामुळे नोंद रद्द." खाली स्वतःचं नाव. इतकी वर्षं सांभाळलेल्या इतिहासात त्या आज पहिल्यांदाच शिरल्या, त्याही बादली घेऊन.

दाराशी उभ्या निरीक्षकाला राहवेना. "पण साहेब, मग मी ऐकला तो आवाज कशाचा?"

"तुझ्याच घोरण्याचा," साहेब म्हणाले. "काय बाई, हेही नोंदवायचं का?"

बाईंनी चष्मा सावरून रकाना नीट न्याहाळला.

"जागा आहे, साहेब."