म्हातारी कोठें?

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की उद्या जग बुडालं तर पोरं वाचतील, कुत्री वाचतील, एखादा पक्षीही वाचेल. म्हातारी मात्र एकही वाचणार नाही. हा शोध माझा नव्हे, आमच्या शेजारच्या अंबुजाबाईंचा.

बाई मूळच्या तंजावरच्या; तिथली जुनी मराठी बोलतात, 'असते'ला 'असती' म्हणतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या, आता चेन्नईत मुलाकडे असतात. नातीच्या, म्हणजे नीलाच्या, कपाटातल्या इंग्रजी कादंबऱ्यांचा त्या फडशा पाडतात. सगळ्या एकाच वाणाच्या: जग उद्ध्वस्त, सरकार दुष्ट आणि ते उलथवायला नीलाच्याच वयाची एक पोरगी.

"भिंत म्हणजे भय," माझ्यापुढे कॉफी सरकवत बाई शिकवणी घेतात. "पक्षी दिसला की पोरगी पळणार. नावाऐवजी नंबर दिला की सरकार वाईट."

म्हणूनच फाटकावरचा नवा राखणदार फ्लॅट नंबर विचारू लागला, तेव्हा बाईंनी त्याला स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं नाव सावकाश सांगितलं. मागे स्कूटरींची रांग लागली.

"जेवायला काय, तर गोळ्या. रसम करणारं कोणी उरलंच नाही. कां?" मग पुस्तक मिटून ठरलेला प्रश्न: "म्हातारी कोठें? पहिल्याच पानावर मेलेली असती की, कण्णा."

कण्णा म्हणजे बाळा; हे नीलाला उद्देशून. मराठीत तिची जीभ अडखळते. ती कानातले इयरफोन न काढता म्हणायची, "पोंग पाटी." म्हणजे, जा गं आजी.

मी पोटभर हसायचो.

मग मुलाने आणि सुनेने ऑफिसजवळ, शोळिंगनल्लूरला फ्लॅट घेतला. लहान होता. बाईंसाठी त्यांनी कोवलमजवळ एक वृद्धाश्रम पाहून ठेवला. समुद्र समोर, जेवण वेळेवर. बाई म्हणाल्या, "हवा चांगली असती," आणि पुढची कादंबरी उघडून बसल्या. त्यानंतर तो प्रश्न आला की मला हसू येईना.

परवा रविवारी गच्चीवर मुलांचं कथावाचन होतं. नीलाने स्वतः लिहिलेली कथा वाचली, इंग्रजीत. शहराभोवती भिंत. म्हाताऱ्यांना सरकारी बस समुद्रकाठी घेऊन जाते, तिथे हवा चांगली असते. हे वाक्य आलं तेव्हा नीलाचे वडील मोबाइल पाहू लागले, आई आकाश. शेवटी पक्षी उडाला, पोरगी भिंतीपलीकडे गेली, टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेतून बाईंनी वर्गात विचारावं तसं विचारलं, "भिंत बरोबर. पक्षी बरोबर. म्हातारी कोठें?"

नीलाने हातातले कागद उलटेपालटे केले. त्यांत याचं काही लिहिलेलं नव्हतं. तिने एकदा वडिलांकडे पाहिलं आणि इंग्रजी नाही, तमिळ नाही, आजीच्याच जुन्या मराठीत बोलून गेली,

"ती कोठें जात नाही. माझ्या खोलींत निजती."