हमीदचाचांची नववी पिन

हमीदचाचांच्या खिशात पेन नसतो, कानस असते. बोटाएवढी, झिजलेली. समोर लोखंडाची वस्तू आली की त्यांचा हात खिशात गेलाच. एकदा आमच्याकडे सुपारी खायला आले, तर बायकोच्या माहेरचा अडकित्ता आधी घासून पाहिला. "कानस चावती. नरम हाय," म्हणाले. तेव्हापासून बायको त्यांना चहा देते, सुपारी देत नाही.

बीडला माझं लेथचं दुकान आणि चाचांची भट्टी शेजारी शेजारी. मी ट्रॅक्टरला ट्रेलर जोडायच्या पिना बनवतो, चाचा त्या कडक करतात. साध्या पोलादाच्या पिना कोळशाच्या भुकटीत पुरायच्या, पेटी मातीनं लिंपायची, दिवसभर भट्टीत लाल ठेवायची, मग पिना तेलात विझवायच्या. वरचा थर कडक होतो, गाभा चिवट राहतो. बरं, आठ पिना हव्या असल्या की चाचा नऊ मागतात. नववी ऐरणीवर घणानं तोडायची आणि चष्मा कपाळावर चढवून तुटलेलं तोंड बघत बसायचं.

"चाचा, चांगली पिन कावून तोडता?"

"आत काय हाय ते तोडल्याबगर दिसतंय का बे?"

या वादाला मी पुरता कंटाळलो होतो. माझं म्हणणं, जास्त कडक जातीचं पोलाद घ्या, लाल करा, थेट पाण्यात बुडवा, तासाभरात मोकळे. पण चाचा ऐकत नसत. "ती आरपार कडक व्हती. धक्का बसला की काचेवानी जाती."

यंदा ऊसतोडीला निघायच्या तोंडावर आष्टीच्या मुकादमाचे आठ पिनांसाठी फोनवर फोन. लाइटचा पत्ता नाही, पाठ मोडलेली. त्या घाईत मी नववी पिन करायला विसरलो. चाचांनी निवांतपणे आठातलीच एक तोडली. म्हणाले, एकीसाठी परत पेटी लावू. मला आणखी एक दिवस नको होता. मी गुपचूप कडक पोलादाची एक पिन लाल करून थेट पाण्यात विझवली आणि आठ पुऱ्या केल्या. कानस लावली तर घसरली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेट्रोल पंपावर मुकादमाचे ट्रेलर उभे दिसले. वर माणसं, बोचकी, शेळ्या. खाली चाचा उकिडवे बसलेले. दर हंगामाला ते इथं येतात हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या प्रत्येक पिनेच्या डोक्यावर एक ठिपका ठोकलेला असतो. समोरच्या पिनेवर तो नव्हता.

"पाण्यात मारली?"

मी होय म्हणून मान हलवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्या बी मारलती एकदा. घाईत," ते म्हणाले. "घाटात तुटली. वर माझा भाऊ व्हता. त्याची बायको व्हती."

इतकी वर्षं शेजारी काढली आणि या माणसाला मी घरच्यांबद्दल कधी विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

चाचांनी पिशवीतून ठिपक्याची पिन काढली. पेटी लावलीच होती त्यांनी, एकीसाठी. मी माझी पिन उपसली, त्यांनी त्यांची बसवली. मग आम्ही पुढच्या ट्रेलरशी गेलो. तिथं पिनेच्या अगदी वर, बोचक्यांच्या मध्ये एक तान्हं लेकरू झोपलं होतं. चाचांचा हात सवयीनं खिशात गेला, कानस निम्मी बाहेर आली आणि परत आत गेली.

"आवाज व्हईल," ते हळूच म्हणाले, आणि बोटानंच ठिपका चाचपू लागले.