चौकड्यांच्या कोटातला उंट

ही गोष्ट एकोणीसशे एकोणनव्वद सालची. त्या साली घरमालकांच्या पुतण्याने टायरचं दुकान काढायचं मनावर घेतलं आणि त्यासाठी घरमालकांच्या नजरेत तळमजल्यावरचा हॉल भरला. हॉल रिकामा असता तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण त्यात गेली कित्येक वर्षं एक सबंध कुटुंब चित्रं काढत होतं.

कुटुंब म्हणजे फार माणसं नव्हेत. एक चित्रकार, त्याची बायको, त्याची थोरली बहीण आणि त्याची लेक. आपण लेकीच्या नात्यानेच त्यांना बाबा, आई आणि आत्या म्हणू, कारण सगळी गल्लीही तसंच म्हणायची. ॲक्रिलिकमध्ये माणसांची आणि जनावरांची मोठमोठी चित्रं काढायची, हा त्यांचा धंदा. एकेका चित्राला चौघांचे हात लागत. आई रंग कालवायची आणि मागची भिंत, पडदा, आकाश, जे काय असेल ते रंगवायची. लेक हात काढायची. बोटं तिच्यासारखी कुणालाच जमत नसत. आत्या पूर्वी शिवणकाम करायची, त्यामुळे कपडे तिच्याकडे. तिने रंगवलेल्या सदऱ्याला हात लावला तर इस्त्रीची ऊब लागेल असं वाटायचं. चेहरा बाबांचा.

आणि चेहऱ्यातच गोम होती. बाबांनी उमेदीची वर्षं एका सर्कशीचे फलक रंगवण्यात घालवली होती. वाघ, हत्ती, अस्वल त्यांच्या हाताला पाठ. माणूस समोर आला की मात्र हात आखडायचा. मग त्यांनी एक तोड काढली. गिऱ्हाईक कुठल्या जनावरासारखं आहे ते आधी ठरवायचं, ते जनावर कॅनव्हासवर एका दमात उभं करायचं, आणि मग कान आखूड कर, जबडा आत घे, असं करत करत त्याचा माणूस करायचा. ॲक्रिलिक भराभर वाळतं, त्यामुळे सकाळचं जनावर संध्याकाळपर्यंत माणसात येई. पोस्टमास्तर खालून घुबड होते, बँकेतल्या बाई खालून खार. चित्र बघून लोक म्हणत, "अगदी आत्ता बोलेल असं वाटतं." कुणाच्या जिवावर बोलेल ते घरातल्या चौघांनाच ठाऊक होतं. म्हणून चित्र पुरं होईपर्यंत गिऱ्हाइकाला ते दिसू द्यायचं नाही, मधला पडदा ओढून ठेवायचा, हा घरचा कडक नियम.

हॉल जाणार म्हटल्यावर बाबांची झोप उडाली. उत्तरेकडच्या उंच खिडक्या, दिवसभर सारखा उजेड. असा हॉल दुसरीकडे मिळणार नव्हता, आणि स्वयंपाकघरात रंग सांडू द्यायला आईने आधीच नकार देऊन ठेवला होता.

"आपण त्यांचं चित्र काढून देऊ," आई म्हणाली. "चांगलं मोठं. जिन्यात लावण्यासारखं. स्वतःच्या चित्रापुढे माणूस विरघळतो."

"हा विरघळणाऱ्यातला नाही," आत्या म्हणाली. "मागे गळकी मोरी दाखवली तर म्हणाला, पाणी खालीच जाणार."

घरमालक मात्र चित्राला लगेच तयार झाले. जिन्यात एक भिंत रिकामीच होती म्हणे. "मनासारखं झालं तर हॉलचं बघू," एवढंच ते बोलले, पण त्यांच्या तोंडून तेवढंही पुष्कळ होतं. चौकड्यांचा कोट घालून, हातात काठी घेऊन, घरून उचलून आणलेल्या उंच पाठीच्या खुर्चीत ते एक सकाळ बसले. लेकीने फोटो काढून घेतले. खुर्ची त्याच दिवशी परत पाठवली. मग चहाच्या वेळी जनावराचा विषय निघाला.

"गेंडा," आत्या म्हणाली.

"तू रागाने बोलतेयस, ताई."

"बोकड चालेल का?" लेकीने विचारलं.

बाबांनी कप खाली ठेवला. "उंट. बोलायच्या आधी खालचा ओठ हलतो बघा त्यांचा. आणि आपल्याकडे बघतात ते आपल्या डोक्यावरून."

उंट एकमताने ठरला.

दुसऱ्या दिवशी जो उंट उतरला तसा बाबांनी सर्कशीतही कधी काढला नव्हता. निळी-नारिंगी मान, जड पापण्या, आणि सगळं जग आपल्याच जागेत राहतंय असा चेहऱ्यावर भाव. बाबा स्वतःवर खूश होऊन जेवायला गेले. खरं तर उंटाचा माणूस झाल्यावरच बाकीच्यांनी ब्रश उचलायचे. पण आत्याला कोटाच्या चौकड्या स्वस्थ बसू देईनात. "तोंड होईल तेव्हा होईल, अंगाचं काय अडलंय," म्हणत तिने कोट चढवला. आत्याने कोट केला म्हणून लेकीने काठीवरचे हात केले. दोघी कामाला लागल्या म्हणून आईने खुर्ची आणि मागचा जिना उरकला. बाबा जेवून, जरा पडून परत आले तेव्हा उंट घरमालकांच्या कोटात, घरमालकांच्या खुर्चीत, घरमालकांची काठी धरून बसला होता.

"आता तेवढं तोंड करा पटकन," आई म्हणाली.

बाबांनी ब्रश उचलला, आणि दारात घरमालक उभे. मागे पुतण्या, हातात मोजपट्टी.

"चित्र बघायला नाही आलो," घरमालक म्हणाले. "हॉल मोजायचाय. मोजून ठेवायला काय..." ते थांबले. खालचा ओठ हलला. "हे काय?"

पडदा ओढायला वेळच मिळाला नव्हता.

"उंट," बाबा म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती.

"ते दिसतंय. कुणाचा?"

"दवाखान्याचा," आई मध्ये पडली. "म्हणजे दवाखान्यासाठी. ते कोपऱ्यावरचे लहान मुलांचे डॉक्टर नाहीत का? सुई बघितली की मुलं रडतात. भिंतीवर काहीतरी गमतीचं असलं की बरं."

"काका, कोट तुमच्यासारखाच आहे," पुतण्या म्हणाला.

"तसलं कापड एके काळी सगळीकडे मिळायचं," आत्या म्हणाली. "मी स्वतः कितीतरी शिवलेत."

"आणि खुर्ची?"

"खुर्चीसारखी खुर्ची. तुम्ही मोजा ना, टायर किती मावतात ते."

घरमालक चित्राच्या जवळ गेले, मग लांब गेले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "जनावराला रुबाब आहे," शेवटी ते म्हणाले. "डॉक्टरांना पसंत पडेल. आज नातीला दाखवायला न्यायचंच आहे, सांगतो त्यांना."

"अहो, कशाला? त्यांना आम्ही अचानक..." आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत काका-पुतणे भिंत मोजायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर दवाखाना उघडण्याआधी इकडेच आले. अंगाने भरपूर, मनाने हळवा माणूस. उंटासमोर उभे राहिले आणि त्यांना गहिवरून आलं.

"माझ्यासाठी? मी काय केलंय हो तुमचं? तुमच्या लेकीला लहानपणी गालगुंड झाले तेव्हा औषध दिलं, तेवढंच."

"ते गालगुंड फार चांगले बरे झाले होते," बाबा कसनुसं म्हणाले. "पण डॉक्टर, हे चित्र अजून..."

"काही करू नका त्याला. आहे तसाच हवा. मी खिळा ठोकूनसुद्धा आलोय. आणि काल संध्याकाळी एका पोराने उंट बघायला मिळेल या बोलीवर सुई टोचून घेतली. रडला नाही. आता उंट नाही दिसला तर जन्मात पुन्हा दंड पुढे करायचा नाही तो."

उंट कोटासकट दवाखान्यात गेला.

रविवारी घरमालक चित्र न्यायला येणार होते, आणि इकडे कॅनव्हास कोरा.

"त्यात काय, दुसरा उंट काढ," आत्या म्हणाली.

"एका माणसाचा उंट एकदाच येतो, ताई."

"प्रयत्न तर कर."

बाबांनी प्रयत्न केला, तो घोडा झाला. तो बुजवून पुन्हा काढला, तेव्हा त्याहून बरा घोडा झाला. आई म्हणाली, एकदा थेट माणूसच काढून बघा. थेट काढलेल्या माणसाला नाक, डोळे, कान सगळं जागच्या जागी होतं, पण तो शिंप्याच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसत होता, आणि आत्याच्या कोटाने त्याला अगदीच पुतळा करून टाकलं. आता लेकीचा बोकड तेवढा उरला होता. बाबांनी नव्या कॅनव्हासवर बोकड काढला. उत्तम निघाला. त्याची दाढी कापली, शिंगं विरघळवली, डोळे पुढे आणले, आणि चेहऱ्यात जीव आला. मग आत्याने कोट, लेकीने हात, आईने खुर्ची, सगळं नियमाप्रमाणे, ज्याच्या त्याच्या पाळीने झालं. रविवारी सकाळी चौघं मागे सरून बघायला लागले.

"फार जिवंत झालंय," आई म्हणाली. "पण अहो, हे कोण?"

ओळखलं लेकीने.

"बाबा, हा पुतण्या आहे."

होताच. तीच निमुळती हनुवटी, त्याच नाकपुड्या, आणि इथे काही खायला मिळतंय का अशी तीच नजर. बाबांनी घाईघाईने कपाळाला सुरकुत्या घातल्या, तर पुतण्या काळजीत पडल्यासारखा दिसायला लागला. केस पांढरे केले, तर तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायला लागला. ते पुसायला पुन्हा काळे केले. तितक्यात बाहेर काठी वाजली.

"मी खरं काय ते सांगून टाकतो," बाबा म्हणाले. "गेला हॉल तर गेला."

घरमालक आज एकटेच होते. आत आले आणि चित्रासमोर थबकले.

"हे बघा," बाबांनी सुरुवात केली, "यात माझी चूक झाली आहे. म्हणजे आमची पद्धत अशी की..."

घरमालकांनी हात वर केला. "माझा कोट," ते म्हणाले.

"हो."

"माझी खुर्ची. माझी काठी."

"हो, पण तोंड मात्र..."

"तोंडच बघतोय मी." ते जवळच्या स्टुलावर बसले. त्यावर ओला पिवळा रंग होता, पण ते सांगायचा कुणाला धीर झाला नाही. तिथूनच ते चित्र निरखत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"खुर्ची इथून परत आली त्या संध्याकाळी मी वर गेलो, तर हा तिच्यात बसलेला. अंगात माझा कोट. हातात काठी. आरशात बघून मान अशी वळवत होता. मला बघून उठला, म्हणाला, खुर्चीवरची धूळ झटकत होतो. मी बायकोलासुद्धा बोललो नाही हे. तुम्हाला कसं कळलं?"

बाबांनी तोंड उघडलं. आईने त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"चित्रकाराला काही गोष्टी दिसतात," ती म्हणाली. "त्यांना विचारलं तर सांगता येत नाही."

"खरं आहे," आत्या म्हणाली. "लहानपणापासून असाच आहे."

"आज टायर," घरमालक म्हणाले, "उद्या जिना, परवा खुर्ची. मला वाटतच होतं, पण हे असं समोर मांडलेलं..." ते उठले. "तुम्हीच राहा इथे. तुम्ही निदान खुर्ची परत तरी पाठवता."

"आणि चित्राचं काय करू?" बाबांनी विचारलं. "पाहिजे तर नवीन..."

"काही नको. हेच जिन्यात लावतो. जातायेता बघू दे त्याला."

ते पाठ फिरवून निघाले तेव्हा पिवळा रंग सगळ्यांना दिसला, आणि सगळ्यांनी एकदम दुसरीकडे बघितलं.

बाबा दिवसभर अस्वस्थ होते. "आपण फसवलं त्यांना," असं म्हणत ते येरझाऱ्या घालत राहिले.

"कुठे फसवलं?" आत्या म्हणाली. "तू खरं सांगत होतास, ते ऐकत नव्हते. आता बस खाली, डोळ्यांपुढे फिरू नकोस."

टायरचं दुकान मग पुतण्याने हमरस्त्याला काढलं. तिथे ट्रक थांबत, त्यामुळे ते हॉलमध्ये चाललं असतं त्याच्या कितीतरी पट चाललं. जिन्यातल्या चित्राचा त्याला काडीचा राग आला नाही. उलट लग्नासाठी मुलीकडची मंडळी आली तेव्हा त्याने त्यांना मुद्दाम जिन्यात नेलं आणि सांगितलं, "काकांनी हौसेने काढून घेतलंय माझं." लग्न त्याच महिन्यात ठरलं.

घरमालक पुढे पुष्कळ वर्षं नातवंडांना दवाखान्यात नेत राहिले आणि नेमके त्या उंटाखालच्या बाकावर बसत राहिले. मुलं वर बघत, मग त्यांच्याकडे बघत, आणि एकमेकांना कोपर मारून हसत. मुलांना आपण आवडतो, असा घरमालकांचा समज झाला. आयुष्यात पहिल्यांदाच तसं झालं असावं. ते खिशात गोळ्या ठेवू लागले, आणि एका वर्षी तर आपण होऊन मोरी दुरुस्त करून दिली. डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी एकच अट घातली, की उंट हलवायचा नाही.

आत्या शेवटपर्यंत तोंडाच्या आधी कोट चढवत राहिली. लेक आता स्टुडिओ चालवते. ती माणूस थेट काढते, तिला खाली जनावर लागत नाही. नवं गिऱ्हाईक दारात आलं की क्षणभर जास्त निरखून बघते, एवढंच.

बाबांनी जाईपर्यंत गल्लीतल्या जवळजवळ सगळ्यांची चित्रं केली. आईचं तेवढं कधी केलं नाही. लेकीने कितीदा तरी मागे लागून विचारलं. दर वेळी ते ब्रश धूत म्हणायचे, "जनावर ठरत नाही गं अजून."

"ठरलंय केव्हाच," आई स्वयंपाकघरातून म्हणायची. "सांगायची छाती होत नाही."