असी पठारावरील तेजोमेघाचा महजर

आकाशींची धूळ आणि भूमीवरील माणसांचा दिमाख साक्ष ठेवून हकीकत लिहिली ती ऐसी जे, अल्माटी शहरी ट्रॉलीबस हाकून निवृत्त जाहलेले दुर्बीणमंडळाचे वडील, राजमान्य ओराझबेक आगा यांनी, वृषभ राशीच्या काळ्या धूलिमेघात दडलेला एक फिका तेजोमेघ नजरेने जिंकावा ऐसा वीस वर्षे पण धरिला होता. मंडळात तो कॅमेऱ्यावाचून कोणास दिसला नव्हता. पाहील त्याचे नाव दफ्तरी अव्वल लागावयाचे, इतकीच आस. आणि लोक याहून क्षुद्र गोष्टींसाठीही झुरतात.

मग ऑक्टोबरच्या अवसेस, घरी घासलेल्या आरशाची सोळा इंची दुर्बीण गाडीच्या टपावर बांधोन, आणि बाऊर्साक नामे पिठाच्या तळलेल्या गोळ्यांची परात घेऊन सहा असामींची फौज असी नामे पठारावर उतरली, आणि थंडीने मिश्या ताठ जाहल्या, आणि आगांनी कढत चहा रिचवून, तोंड भिंगाशी नेऊन, दोन घटका फुसफुसत झुंज दिली.

"दिसला! ताऱ्याभोवती पांढुरका! या रे, बघा!"

वडिलांनी पाहिले ते धाकट्यांनी नाकारू नये, हा तेथील रिवाज. साबिर नामे दंतवैद्य वाकले. "अहाहा, आगा! शेपूटसुद्धा आहे की!"

शाळामास्तरीण गुलझिरा म्हणाल्या, "मला नुसतं धुरकट दिसतंय."

"डोळा तिरका कर गं! फिकं ते डोळ्याच्या कोपऱ्यानंच दिसतं. मास्तरणींना सरळच बघायची खोड!"

"बरं, आगा. दिसला म्हणा."

मग साक्षीचा कागद म्हणोन महजर लिहिला, आणि पाचांनी सह्या ठोकिल्या, आणि दंतवैद्यांनी शेपटीचे चित्र काढिले, आणि फौज बाऊर्साकांवर तुटून पडली.

आगा एकटे दुर्बिणीशी राहिले. सहज म्हणोन त्यांनी धूलिमेघाबाहेरील एक तारा धरिला, तो त्याभोवतीही तैसीच प्रभा! दुसरा धरिला, तेथेही तीच. रुमालाने भिंग पुसले आणि वीस वर्षांची फत्ते रुमालात आली; ती चहाची वाफ होती.

मग श्वास रोखून, डोळा तिरका करून, ते पुन्हा धूलिमेघी गेले. आणि बहुत वेळाने, त्या ताऱ्यापासून दूर, काळोखाच्या काठी, असून नसल्यासारखा एक डाग उमटला. फोटोत पाठ केलेला तोच आकार. म्हाताऱ्यास रडू फुटले. हाक मारावयास ते वळले, आणि महजर दिसला. हा डाग खरा म्हणावा तर तो महजर खोटा, आणि पाच जण शेपटीसकट खोटे.

"आगा, अजून दिसतोय का हो?" साबिर भरल्या तोंडाने विचारते जाहले.

"तसाच," आगा म्हणाले. "शेपटीसकट."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, महजर दफ्तरी रुजू जाहला, चहाच्या वाफेस तेजोमेघाचा किताब कायम मिळाला. आणि एका म्हाताऱ्याने खरोखर पाहिलेला तेजोमेघ दफ्तरात बेवारस राहिला.