निकाल राखीव

अष्टमी गावात, पुलावरून उतरल्यावर तिसऱ्या गल्लीत भरणाऱ्या शाळेचा पट एक होता. उपस्थिती शंभर टक्के, गळती शून्य. शाळा घराच्या पडवीत भरे. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, लिपिक आणि शिपाई या चारही पदांवर सुलेमान मास्तर कार्यरत होते. विद्यार्थिनी आणि मॉनिटर या दोन पदांवर त्यांची नात सिदरा. वर्गात जो बोलेल त्याचं नाव मॉनिटरने फळ्यावर लिहायचं, असा नियम होता. सिदरा आठवड्यातून तीनदा स्वतःचं नाव लिही आणि पुसायला स्वतःच विनंती करी. मास्तरांची मुलगी, म्हणजे सिदराची आई फरझाना, पालक संघाची अध्यक्ष होती आणि पोषण आहारही तिच्याकडेच होता.

टाळेबंदीत सुरू झालेली ही शाळा टाळेबंदी उठल्यावरही चालू राहिली, कारण ती बंद करण्याचा आदेश काढायचा अधिकार मुख्याध्यापकांना होता आणि त्यांना तशी गरज वाटली नाही. चौतीस वर्षं सरकारी शाळेत काढलेल्या माणसाने घरी तरी दुसरं काय करावं? पडवीच्या वाशाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. दहाला पहिली घंटा, सव्वाअकराला लहान सुट्टी, एकला मोठी. सिदराचा आकाशी शर्ट इस्त्रीचा नसेल तर तिला दारातून परत पाठवण्यात येई. ती मागच्या दाराने आत जाऊन इस्त्री करून पुढच्या दाराने हजर होई.

मार्चअखेर चौथीची वार्षिक परीक्षा झाली. पेपरांचा गठ्ठा सुतळीने बांधून मास्तरांनी कपाटात ठेवला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना ताप आला. त्यांनी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहून मुख्याध्यापकांना सादर केला आणि मुख्याध्यापक या नात्याने त्यावर शेरा मारला, 'मंजूर. वारंवार होऊ नये.'

चौथ्या दिवशी ते रुजू झाले नाहीत.

घरात दुखवट्याला येणाऱ्या पाहुण्यांची ये-जा चालू होती, तेव्हा एक मे उजाडला. सकाळी आठ वाजता सिदरा आंघोळ करून, शर्टाला इस्त्री करून पडवीतल्या बाकावर बसली.

"काय गो, अशी काय बसलीस?" फरझानाने विचारलं.

"आज निकाल हाय."

"अगो, आज कसला निकाल?"

"नाना बोलले होते, एक मे, आठ वाजता. पेपर कपाटात हायत."

"कपाटाची चावी गावत नाय."

चावी फरझानाच्या कमरेच्या जुडग्यात होती. सिदराने जुडग्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणाली. वरिष्ठांना उलट बोलायला तिच्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. ती साडेअकरापर्यंत बाकावर बसली आणि मग रीतसर उठली.

जूनमध्ये तिच्या वडिलांनी, अदनानने, कुवेतहून फोनवर निर्णय दिला, "आता हिला सरळ शाळेत घालूया."

"कितवीत?" सिदराने विचारलं.

"पाचवीत."

"चौथी पास झाले कुठं, पप्पा? माझा निकाल राखीव हाय."

"मग चौथीत बस परत."

"नापास पण नाय झाले."

आखातात बारा वर्षं काढलेल्या माणसाला, कागद हातात असल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, हे समजावून सांगावं लागत नाही. जाता जाता अदनान म्हणाला, "फरझाना, ते कपाट उघड ना."

"नेट बरोबर येत नाय हां तुमचं," फरझाना म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्याच आठवड्यात तिला फोनवर 'मूल नेईल तिकडे' हा पालकांचा गट सापडला. गटाच्या संचालिका पेणच्या नम्रताताई. त्यांचं म्हणणं सोपं होतं. घरी शाळा भरवणं हीसुद्धा शाळाच. घंटा नको, वेळापत्रक नको, इयत्ता नको. मूल जिकडे जाईल तिकडे पालकाने मागोमाग जायचं. गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या हमरापूरच्या एका पालकाचा मुलगा सहा महिने नुसते गणपतीचे कान करत होता, आणि गटात तो आदर्श होता. हमरापुरात त्याला हंगाम म्हणत.

"परीक्षा?" फरझानाने विचारलं.

"नाही."

"निकाल?"

"ताई, निकाल ही मुलावर केलेली हिंसा आहे."

म्हणजे कपाट न उघडणं हा आता तात्त्विक प्रश्न होता. इतकी सोयीची विचारसरणी फरझानाला आयुष्यात प्रथमच भेटली. तिने त्याच दिवशी नाव नोंदवलं.

नम्रताताई स्वतः पेणहून पाहणीला आल्या. त्यांनी पडवी पाहिली, फळा पाहिला, रुळाच्या तुकड्यावर बोटाने टिचकी मारली आणि डोळे मिटून घेतले.

"केवढा दाब होता हो या लेकरावर!"

"मी मॉनिटर होते," सिदरा म्हणाली.

"बघा!" नम्रताताई म्हणाल्या.

मोकळेपणाची अंमलबजावणी दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून सुरू झाली. दहा ते साडेबारा मोकळेपणा, साडेबारा ते दीड उत्स्फूर्तता, अडीचनंतर स्वयंप्रेरणा. मुलाने प्रश्न विचारल्यास उत्तर द्यायचं नाही. प्रश्नाची दिशा, तीव्रता आणि टिकाव 'कुतूहल पत्रका'त भरून ते शनिवारपर्यंत पेणला पाठवायचं. शिवाय जितक्या इयत्ता शिकून झाल्या तितके महिने मुलाने काहीही शिकायचं नाही, म्हणजे जुना अभ्यास अंगातून उतरतो. सिदराला चार महिने लागू झाले. या काळात ती चुकून काही शिकली, तर तेवढे दिवस पुढे वाढवून मिळणार होते.

घंटा बंद झाल्याचा पहिला फटका गल्लीला बसला. सुकी मासळी विकणारी धोंडुबाई लहान सुट्टीच्या घंटेला गल्लीत शिरत असे. आता ती कधी नवाला येई, कधी दोनला. रिक्षावाला आदेश मोठ्या सुट्टीच्या घंटेवर उठून कंपनीच्या शिफ्टची माणसं न्यायला जाई. त्याची माणसं दोनदा चालत गेली. शेवटी दोघं मिळून दारात आली.

"काय गो फरझाना, घंटा का नाय मारीत?" धोंडुबाई म्हणाली. "मास्तर गेले, पण टाइम तर ऱ्हायलाय ना?"

"आता आमच्याकडे मोकळं शिक्षण हाय, धोंडुबाई."

"कुणाचं?"

"सिदराचं."

"मग तिला इचारलंस, घंटा पायजे का नको?"

हा प्रश्न पत्रकात बसत नव्हता. फरझानाने तो नोंदवला नाही.

ऑगस्टमध्ये गंभीर प्रकार उघडकीस आला. गादी उलटताना फरझानाला एक वही सापडली. तीत भागाकाराची पंधरा गणितं होती, पैकी चौदा बरोबर. मुद्देमालासह सिदराला समोर बसवण्यात आलं.

"हे कधी केलंस?"

"उत्स्फूर्ततेच्या तासाला."

"तुला काय सांगितलं होतं?"

"जे मनात येईल ते कर. भागाकार आला मनात."

फरझानाने पेणला फोन लावला. नम्रताताईंनी प्रकरण तीन पालकांच्या समितीकडे सोपवलं, कारण तत्त्वाचा प्रश्न होता: हा भागाकार मुलाच्या अंतःप्रेरणेतून आला की सवयीतून? समितीने अकरा दिवस विचार केला. निर्णय असा लागला की, पहिली सात गणितं सवयीची असून पुढची आठ प्रेरणेची असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सात गणितांपोटी सात दिवस वाढवण्यात आले.

दर शनिवारच्या पत्रकात शेवटचा रकाना मुलाने स्वतः भरायचा असे: 'मला काय जाणून घ्यायचं आहे?' सिदरा दर शनिवारी सुवाच्य अक्षरात एकच ओळ लिही, 'माझा चौथीचा निकाल.' पत्रक दर मंगळवारी परत येई. 'कुतूहल बाह्य मूल्यमापनाशी निगडित. फेरविचारार्थ परत.' अशी अकरा पत्रकं परत आली. सिदराने त्यांना भोक पाडून सुतळीत ओवून ठेवलं.

बाराव्या शनिवारी तिने मजकूर बदलला. 'नानांच्या कपाटात काय आहे?'

मंगळवारी पत्रकाऐवजी फोनच आला.

"फरझानाताई, सुंदर! याचीच वाट बघत होते मी. कुटुंबाचा इतिहास, वस्तूंचं वाचन, स्मृती! मूल नेतंय तुम्हाला. जा तिकडे."

फरझानाने जुडगं हातात धरलं आणि पत्रकात नोंद केली, 'बालिकेचे लक्ष फुलपाखरांकडे वळविण्यात आले.'

"अम्मी, मी कुठं बघितली फुलपाखरं?"

"बघशील आता. ये बाहेर."

दोघी अर्धा तास पेरूच्या झाडाखाली उभ्या राहिल्या. एक चतुर आला. तो फुलपाखरू म्हणून धरण्यात आला. पुढचे तीन शनिवार अनुक्रमे गोगलगाय, गांडूळ आणि शेजारच्या सलमानचाचांची बकरी यांच्याकडे लक्ष वळविण्यात आलं. सिदरा प्रत्येक प्राण्याकडे शिस्तीत बघे, वेळ संपली का विचारी आणि कपाटासमोरच्या स्टुलावर जाऊन बसे. तिथे ती काही करत नसे. काही न करणं हाच सध्या अभ्यासक्रम असल्याने तिला हटकता येत नव्हतं.

डिसेंबरात गटाचं वार्षिक संमेलन पेणला झालं. मुलांचं मूल्यमापन गटाला मान्य नव्हतं. पण पालक खरोखर मोकळे झाले की नाही, हे कळायला काही साधन हवं, म्हणून पालकांची परीक्षा घेण्यात आली. निकाल फोनवर आला तेव्हा फरझाना भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातांनीच तिने फोन घेतला.

"सिदरा! अगो सिदरा! शहाण्णव टक्के पडले मला! अख्ख्या गटात दुसरी!"

"पहिली कोण?"

"जिते गावची कुणी बाई हाय." फरझाना थांबली. "तिला कसे काय सत्त्याण्णव दिले? मी पत्रकं एकदाही उशिरा नाय पाठवली. माझे चार मार्क कुठं गेले, ते विचारायलाच पायजे." आणि तिने नम्रताताईंना फोन लावला. फेरतपासणीची सोय होती. अर्ज करायचा होता.

सिदरा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. अर्ज कुणाच्या नावे लिहायचा ते फरझाना विचारून घेत असताना ती म्हणाली,

"तुझा निकाल लागला, अम्मी."

एवढंच म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, मॉनिटरने फळ्यावर नाव लिहावं तसं होतं. फरझानाने फोन बंद केला. तव्यावरची भाकरी करपली, ती तिने उतरवली. मग हात धुतले, पुसले, परत धुतले, आणि कमरेचं जुडगं काढलं. आठ महिन्यांत आठवड्यातून एकदा तरी पदराने पुसली गेल्याने ती एक चावी बाकीच्यांपेक्षा जास्त चकचकीत होती. कपाट पहिल्याच फेऱ्यात उघडलं.

आत मास्तरांचा कोट होता, चष्म्याचं रिकामं घर होतं, खडूचे दोन डबे होते. अत्तराचा वास अजून होता. फरझानाने कोटाची बाही सरळ केली, परत एकदा केली. सिदराने तिला तेवढा वेळ दिला, मग हळूच गठ्ठा ओढून घेतला.

मराठी तपासलेला होता. परिसर अभ्यास तपासलेला होता, त्यात 'नकाशात कुंडलिका नदी उलटी वाहते आहे' असा शेरा होता. गणिताचा पेपर चौथ्या प्रश्नापर्यंत तपासलेला होता. तिथून पुढे लाल शाई नव्हती. उरलेलं पान सिदराच्या अक्षराचं, मोकळं.

"पाचवा तू तपास," सिदरा म्हणाली.

"मला नाय जमत गो."

"भागाकाराचाच हाय. येतो तुला."

फरझानाने तपासला. उत्तर चुकलं होतं. एक हातचा राहिला होता. तिने पेन उचललं, खाली ठेवलं आणि 'मूल नेईल तिकडे'च्या आवाजात म्हणाली, "बघ, चूक असं काय नसतंच. हा तुझा वेगळा विचार हाय."

"अम्मी, चूक हाय ती. फुली मार."

"अर्धा मार्क देते."

"नानांनी दिला असता?"

फुली मारायला फरझानाला सव्वा मिनिट लागलं. सिदराने घड्याळ लावलं होतं. फुली मात्र ठसठशीत आली, आणि ती मारून झाल्यावर तिने शेजारी, तिला कधी लिहायची सवय नसलेल्या वळणदार अक्षरात, लिहिलं, 'हातचा विसरू नये.' मग दोघींनी बेरीज केली, दोनदा पडताळली. प्रगतिपुस्तकात पालकाच्या रकान्यात फरझानाने सही केली. मुख्याध्यापकाचा रकाना कोरा होता. त्यावर पेन बराच वेळ थांबलं. शेवटी तिने स्वतःचीच सही केली आणि तिच्यामागे लहान अक्षरात लिहिलं, 'करिता'.

ही बातमी गटावर पोहोचायला वेळ लागला नाही. नम्रताताईंचा फोन आला. त्या दुखावल्या होत्या.

"फरझानाताई, तुम्ही? श्रेणीत दुसऱ्या आलेल्या तुम्ही? मुलाला आकड्यात मोजणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला हवं?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "बरं, किती पडले?"

फरझानाने सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत गटातल्या चौदा मातांनी आणि तीन पित्यांनी निषेध नोंदवून खाली हाच प्रश्न विचारला. धोंडुबाईने विचारला, आदेशने रिक्षा थांबवून विचारला, जित्याच्या बाईंनी स्वतंत्र संदेश पाठवून विचारला. सिदरा सगळ्यांना सांगत होती, "मी पाचवीत हाय," आणि ते लोक हसून "ते झालं गो, पण मार्क?" म्हणत होते.

सिदराला किती मार्क पडले, ते या कथेतही दिलेलं नाही. ते राहून गेलेलं नाही, त्यामुळे मागचे परिच्छेद पुन्हा चाळण्यात अर्थ नाही. एवढं सगळं हसून वाचल्यावरही ज्या वाचकाला ते कळल्याशिवाय चैन पडणार नाही, त्याने आपलं स्वतःचं चौथीचं प्रगतिपुस्तक घेऊन अष्टमीला यावं. आधी ते बघितलं जाईल.