तेवीस वायान आणि एक बटण

देणाऱ्याचा हात मागे लोटू नये, असं माझी आई सांगायची. म्हणूनच त्या दुपारी मी नवऱ्याला म्हटलं, "दाबा की ते बटण, ब्ली! बिचाऱ्यानं एवढ्या प्रेमानं पाठवलंय." (ब्ली म्हणजे दादा; आमच्याकडे नवऱ्यालाही अशीच हाक मारतात.)

माझा नवरा न्योमान प्रोग्रॅम लिहितो. देवळाच्या उत्सवाला कुणी काय आणायचं, ते ज्याच्या त्याच्या फोनवर कळवणारा प्रोग्रॅम त्यानं आमच्या वाडीसाठी केला आणि साऱ्या जगाला फुकट उघडा ठेवला. "ओपन सोर्स म्हणजे देवळातली सेवाच," तो म्हणतो. "कुणी अंगण झाडतं, कुणी बांबू तासतं, मजुरी कुणी मागत नाही." मला गहिवरून येतं. (डेटाबेस मात्र मी मसाल्याच्या फडताळावरून समजून घेतलाय.)

तर नॉर्वेच्या ओयस्टाइन नावाच्या सद्गृहस्थानं त्यात एक सुधारणा पाठवली होती. यादीत एकच माणूस दोनदा आला, तर जादाची नोंद आपोआप पुसली जाणार आणि तिच्यातलं सामान पहिल्या नोंदीत मिळवलं जाणार. "आधी तपासतो," न्योमान म्हणाला. पण भात निवत होता. मी घाई केली, त्यानं सुधारणा स्वीकारायचं बटण दाबलं.

आता, आमच्या बालीत थोरल्या लेकीला वायान म्हणतात आणि आडनाव कुणालाच नसतं. वाडीत दगड भिरकावला तर तो कुठल्यातरी वायानलाच लागणार. पुढचं खरं नाव न्योमाननं शेऱ्यात लिहिलेलं, तिकडे प्रोग्रॅम कशाला बघतोय? आम्ही तेवीस वायान म्हणजे चुकून तेवीसदा लिहिलेली एकच बाई ठरलो! बावीस पुसल्या गेल्या, उरले मी, कारण यादीची सुरुवात नवऱ्यानं बायकोपासून केली होती. (असा नवरा मिळायला पुण्य लागतं.)

हे सारं नंतर कळलं. तेव्हा फक्त फोनवर निरोप आला: 'वायान – फळांचे मनोरे, तेवीस.' (देवापुढे ठेवायला फळं एकावर एक रचून डोक्यावरून नेतो, तो मनोरा. एरवी बाईमागे एकच.)

शहाण्या बाईनं नवऱ्याला विचारलं असतं. मी हात जोडले. गेल्या पौर्णिमेला उपास करून मीच मागितलं होतं, 'देवा, जास्त सेवा करून घे.' देव एवढ्या लवकर आणि इतकं मोजून देईल असं वाटलं नव्हतं!

"एवढी फळं?" न्योमाननं विचारलं.

"नवस आहे."

"बरं."

दोन दिवसांत सहा मनोरे झाले. सहाही जण ताडी प्यायलेल्या पाहुण्यांसारखे भिंतीला टेकून उभे.

उत्सवाच्या आदल्या सकाळी शेजारची वायान सुकेर्ती आली. डोळे लाल.

"म्बोक, थोरली बहीण मानते ना तुला, माझं काय चुकलं ते तोंडावर सांग."

"अगं, झालं काय?"

"मादेला निरोप आला, केतुतला आला. मला नाही. वीस वर्षं मनोरा नेतेय मी! मागच्या खेपेला पुजाऱ्यांसमोर हसले, म्हणून वगळलं ना?" तेवढ्यात तिला मनोरे दिसले. "अस्सं! माझी सेवा तू घेतलीस?"

"देवानं दिली गं!"

"देवानं, का तुझ्या नवऱ्यानं?"

न्योमान बाहेर आला. माझा फोन बघून मटकन खाली बसला. "दोन दिवस सांगितलं नाहीस?"

"नवसाचं बोलू नये म्हणतात."

"अगं, बावीस बायका वाडीतून काढल्यास तू!"

आमच्याकडे वाडीनं वगळलं, तर मेल्यावर उचलायलासुद्धा कुणी येत नाही.

न्योमाननं जुनी यादी परत आणली. (तिची प्रत तो रोज जपून ठेवतो, देव त्याचं भलं करो.) मी बावीस दारांत जाऊन माफी मागितली. सगळ्यांनी दिली, पण फळं कुठली? बाजारातली सगळी मीच उचललेली!

दुपारी बावीस जणी माझ्या अंगणात येऊन बसल्या. "वायान, सुरी दे," म्हटलं की एकदम तेवीस हात पुढे. सुकेर्तीनं एक मनोरा उलगडायला घेतला. "हा कुणी रचला गं?"

"वायाननं!" मी पटकन म्हणाले. एवढ्या हसल्या, की सफरचंदं अंगणभर घरंगळली.

ओयस्टाइननं माफी मागून त्याच दिवशी दुरुस्ती पाठवली. त्याच्या नावानं मी देवापुढे फूल ठेवलं. त्याच्यामुळेच तर अशी दुपार मिळाली. दुसऱ्या दिवशी तेवीस ताठ मनोरे तेवीस डोक्यांवरून देवळात गेले.

पुढच्या उत्सवाची यादी परवा आली. सगळ्या वायान जागच्या जागी. बावीस जणींपुढे फळांचा मनोरा.

माझ्यापुढे: 'नारळ, एक. रचू नये.'