सात पांघरुणांखाली

तोक्तारच्या घरावर जे संकट आलं ते एका मेंढ्याच्या मुंडक्यापायी आलं, आणि त्यात मेंढ्याची काहीही चूक नव्हती.

व्याही जेवायला आले होते. व्याही म्हणजे सून आयकेरिमचे वडील, ताठ कण्याचा आणि त्याहून ताठ मिशीचा माणूस. अशा पाहुण्यापुढे उकडलेलं मुंडकं ठेवताना त्याचं तोंड पाहुण्याकडे हवं, हे तोर्गायच्या माळावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तोक्तारने एका हातात परात आणि दुसऱ्या हातात फोन धरला होता. फोनमध्ये कुणीतरी जाडा माणूस बर्फावरून घसरत होता, आणि तो पडतो की सावरतो हे बघण्याच्या नादात तोक्तारने मुंडकं उलटं ठेवलं. मेंढा बघतोय तोक्तारकडे आणि व्याह्यांना दिसतेय कापलेली मान! व्याही उठले. त्यांनी टोपी घातली आणि निघून गेले. (जाडा माणूस पडला.)

"तुझ्या बापाने जन्मात पाहुण्याला पाठ दाखवली नाही," तोक्तारची आई, उल्बोसिन आपा कडाडली. "तू मेंढ्याची दाखवलीस!"

तोक्तार हा पाणीपुरवठा कार्यालयातला जुना कारकून. एरवी शांत, पण चूक झाली की त्याला एकदम मोठं काहीतरी जाहीर करायची हुक्की येते. तो उठला, रोटी उचलली आणि म्हणाला, "आयकेरिमचं बाळ येईपर्यंत या घरात फोन नाही! ठेवा सगळ्यांनी रोटीवर हात आणि घ्या शपथ!"

आठवडाभर म्हणाला असता तरी चाललं असतं. पण तोंड उघडलं की ते मिटायचं कसं, हे त्याला कधीच जमलं नाही.

आयकेरिमचे दिवस भरत आले होते. गेल्या हिवाळ्यात तिचं एक मूल पोटातच गेलं होतं. त्याबद्दल कुणी बोलत नसे, पण तेव्हापासून सगळं घर तिच्याभोवती चवड्यांवर चालायचं. बाळाचं नाव निघाल्यावर नाही म्हणण्याची कुणाची छाती होणार? सगळ्यांनी रोटीवर हात ठेवला. तोक्तारने सांगितलं, माझा फोन ऑफिसच्या कपाटात राहील. त्याची बायको झानिल म्हणाली, मी बहिणीकडे देते. मुलगा एर्नार म्हणाला, माझा मित्राकडे. आयकेरिमने मुकाट्याने आपला फोन बंद करून आपाच्या हातात दिला, आणि आपाने तो रुमालात गुंडाळून पोलक्यात खोचला. आपाचा स्वतःचा बटणांचा फोन होता, पण तो ती फक्त लोकांना झापायला वापरते, त्यामुळे त्याला माफी मिळाली.

तोक्तारचा फोन अर्थातच त्याच्या जाड लोकरी नमद्याच्या बुटात होता.

आता तो लपवायचा कुठे? पिठाच्या पोत्यात आपाचा हात रोज जातो. गाद्यांच्या चळतीला झानिल हात लावते. शेवटी त्याला घरामागची गार खोली आठवली. तिथे हिवाळ्याच्या बेगमीचं घोड्याचं मांस आकड्यांना टांगलेलं असे, आणि कोपऱ्यात पाळणा. जुना, बर्चच्या लाकडाचा, आडव्या दांडीचा, दांडीला घुबडाची पिसं आणि एक छोटी घंटा बांधलेली. त्यावर रीतीप्रमाणे सात पांघरुणं. तोक्तार स्वतः त्यात वाढला होता. रिकामा पाळणा हलवू नये, त्याला विनाकारण शिवू नये, हलवला तर त्यात काय येऊन निजेल सांगता येत नाही, हे घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक. म्हणजे यापेक्षा सुरक्षित जागा दुसरी कुठली! वर सात पांघरुणांची ऊब, थंडीने फोन मरायलाही नको. (स्वतःच्या अकलेवर तो त्या रात्री बेहद्द खूश होता.) त्याने फोनचा आवाज बंद केला, थरथर तेवढी ठेवली आणि हात आत घालून अगदी तळाशी सरकवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून त्याला मांस आणायची फार आवड निर्माण झाली.

"मी आणतो, तू बस," तो झानिलला म्हणायचा. गार खोलीत जाऊन दाराशी कान देऊन उभा राहायचा, आणि पाळण्यातून हलकेच आवाज यायचा, घुर्रर्र, घुर्रर्र. घंटा किणकिणायची. तोक्तारची छाती फुगायची. ऑफिसातून फोन येताहेत! पाइप गोठले असणार, आणि कुठला नळ कुठे वळतो हे माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? पण फोन काढून बघायला काही मिळेना. पांघरुणाला हात लावला रे लावला की मागे पाऊल वाजायचं. कधी झानिल, "म्हटलं थोडं मांस न्यावं." कधी एर्नार, "बाबा, मांस..." सगळं घर एकाएकी कामसू झालं होतं. दोन्ही वेळा मांस, मधल्या वेळी मांस. वसंतापर्यंत पुरणारा घोडा डोळ्यांदेखत संपत चालला, तरी तोक्तारच्या मनात काही आलं नाही.

मनात आलं ते कुत्र्याच्या. तो गार खोलीच्या उंबऱ्याशी यायचा, आत टांगलेल्या मांसाकडे न बघता कोपऱ्याकडे बघायचा, आणि शेपूट पोटाशी घेऊन मागे सरायचा.

मग एका संध्याकाळी आयकेरिम पांढरीफटक होऊन आली. "आपा, पाळण्यात उजेड आहे. निळा. पांघरुणांखाली कुणीतरी दिवा घेऊन बसल्यासारखा. आणि पिसं हलत होती. वारा नव्हता, तरी."

आपाने हातातली लाटी खाली ठेवली. "कुणी हलवला का तो पाळणा? खरं सांगा."

तोक्तारने चहात बघितलं, झानिलने चुलीत.

आपाने बाधा जावी म्हणून रानातल्या अद्रस्पनची जुडी पेटवून घरभर धूर केला, पितरांसाठी तळणीच्या पोळ्या काढल्या, त्या वासाने घर भरून गेलं. आयकेरिमने मात्र एक घास खाल्ला नाही. आता फोन काढून टाकायलाच हवा, तोक्तारने ठरवलं. (काढून ऑफिसात ठेवायचा, म्हणजे आधी मारलेली थाप मागाहून खरी होईल. कारकुनी डोकं!)

दुसऱ्या दिवशी बर्फाचं वादळ आलं. एर्नार रस्त्यावरचा बर्फ उपसायला ट्रॅक्टर घेऊन गेला होता, तो तिकडेच अडकला. दुपार सरते न सरते तोच वीज गेली. घराभोवती वारा असा फिरत होता की कुणीतरी भिंत चाचपत दार शोधतंय असं वाटावं. ऐन तिन्हीसांजेची वेळ. झोपू नये, उंबऱ्यावर बसू नये, अशी. तोक्तार जनावरांना चारा घालतो म्हणून बाहेर पडला आणि अंगणाच्या बाजूच्या दाराने गार खोलीत शिरला.

आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. टांगलेलं मांस त्याच्या गालाला लागलं, त्याने जीभ चावली. चाचपडत तो पाळण्यापाशी पोचला. एक एक पांघरूण सारत हात आत घातला. मखमल, कातडं, गोधडी. बोटं तिसऱ्या थराखाली शिरली.

तिथे एक हात होता.

उबदार, जिवंत हात. तोक्तारच्या बोटांखाली तो दचकला आणि ताठ झाला. आणि त्याच क्षणी, त्या दोन हातांच्या खालून, आवाज सुरू झाला. धुक्-धुक्-धुक्-धुक्. भरभर, ओलसर, पाण्याखालून यावा तसा. एखादं बारीकसं काळीज.

मग काय झालं ते तोक्तारला नीट आठवत नाही. तो थेट गोठ्यात गाईच्या पोटाखाली भानावर आला. धीर करून पुढच्या दाराने घरात शिरला तर झानिल भिंतीला टेकून थरथरत होती. "मी मांस आणायला गेले," ती सांगत होती, "आणि पाळण्यातल्या हाताने माझा हात धरला! बर्फासारखा गार, खरबरीत, केसाळ!"

म्हणजे त्याने हिलाही धरलं, तोक्तारच्या मनात आलं आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. (आयुष्यभर आकडेमोड केलेला माणूस. पण भीतीपुढे दोन आणि दोन चार झाले नाहीत.)

आयकेरिम गार खोलीच्या दारात खाली बसली होती. तिने तो आवाज ऐकला होता.

"आपा, ते माझ्या बाळाचं काळीज आहे," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता, त्यानेच सगळ्यांना जास्त भीती वाटली. "दवाखान्यात मशीनवर ऐकलं होतं, तेच. ते माझ्यातून निघून तिकडे जाऊन निजलं. आता पोटात हालचालही नाही."

रात्रभर ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. आपा तिची पाठ चोळत राहिली. सकाळीही तिने पाणी घेतलं नाही. वादळ निवळलं होतं, पण रस्ता बंद, दवाखाना लांब, एर्नारचा पत्ता नाही.

"पाळणा जाळायचा," आपा म्हणाली. "आज, सूर्य मावळायच्या आत. त्यात जे आलंय ते त्याच्याबरोबर जाईल." आणि बोलता बोलता ती रडायला लागली, कारण तिची सगळी मुलं त्याच पाळण्यात निजली होती.

संध्याकाळी अंगणात बर्फावर पाळणा ठेवला. सात पांघरुणांसकट, कारण उघडायची कुणाचीच हिंमत नव्हती. रॉकेल ओतलं. घरातला कर्ता म्हणून काडेपेटी तोक्तारच्या हातात दिली.

तोक्तारला कळत होतं, काडी ओढली की सुटका आहे. फोन जळेल, थाप जळेल, रोटीवर हात ठेवून खोटं बोलल्याचं कुणाला कधी समजणार नाही. तो हात आणि ते काळीज कुणाचं ते देव जाणे, पण निदान उजेड आणि घुरघुर तरी आपली होती. त्याने काडी काढली. आणि खिडकीकडे बघितलं.

खिडकीत आयकेरिम उभी होती. दोन्ही हात पोटावर. ती पाळण्याकडे अशी बघत होती की जणू आत जिवंत मूल आहे आणि सासरा त्याला पेटवतोय.

"आपा!" तोक्तार ओरडला. "मी खोटं बोललो! भूत नाही काही. माझा फोन आहे त्यात!"

आपा त्याच्याकडे बघतच राहिली. "तुझ्या फोनला काळीज आहे?"

"त्याचं मला माहीत नाही," तोक्तार रडवेला झाला. "हाताचंही माहीत नाही. पण उजेड माझा आहे, आपा, शपथ... नाही, शपथ नको."

त्याने डोळे मिटून पांघरुणं ओढायला सुरुवात केली. तिसऱ्याखाली एक फोन निघाला. लाल कव्हरचा, घुरघुरणारा, निळा उजेड टाकणारा.

"हा माझा नाही," तोक्तार म्हणाला.

झानिल एकाएकी आभाळ निरखायला लागली.

"झानिल!"

"बायकांचा ग्रुप आहे," ती पुटपुटली. "सारख्या काहीतरी पाठवतात मेल्या. मी काय करू?"

तोक्तारच्या कानात ती गोड घुरघुर, ते गोठलेले पाइप, त्याच्यावाचून अडलेलं ऑफिस, सगळं एकदम वाजलं आणि थांबलं. "म्हणजे काल तो हात..."

"तुमचा?" झानिल त्याच्यावर धावून आली. "लग्नाचा नवरा! हात ओळखता आला नाही बायकोचा?"

"तू मला केसाळ म्हणालीस!"

"आहातच!"

इतक्यात फाटकाशी ट्रॅक्टर थांबला. एर्नार खाली उतरला, पाळणा बघितला, काडेपेटी बघितली, आणि त्याचा चेहरा पडला. त्याच वेळी माळाच्या कडेला सूर्य टेकला, आणि पाळण्यातून आवाज आला. धुक्-धुक्-धुक्-धुक्. झानिल किंचाळून नवऱ्याला बिलगली. आपाने डोळे मिटून दुवा म्हणायला सुरुवात केली. आयकेरिम पायात काही न घालता घरातून धावत बाहेर आली.

"नका, नका जाळू!" एर्नार पाळण्यावर पडला आणि पाचव्या पांघरुणाखालून, चार्जिंगच्या डब्याला जोडलेला फोन बाहेर काढला. "अगं, गजर आहे! तुझ्या गोळीची वेळ झाली. दवाखान्यात मी बाळाचं काळीज गुपचूप रेकॉर्ड केलं होतं. रोज मांस आणायला म्हणून जाऊन वाजायच्या आत बंद करायचो. काल अडकलो ना..."

आयकेरिमने फोन हिसकावून कानाला लावला. मग तिचा हात हळूच पोटावर गेला, आणि चेहरा वेडावाकडा झाला.

"लाथ मारली," ती म्हणाली. "आपा, केवढ्या जोरात मारली!" ती हसायला लागली, मग रडायला लागली, आणि मग नवऱ्याला बर्फाच्या गोळ्यांनी बडवायला लागली. आपाने तिला उचलूनच घरात नेलं म्हणा ना, आणि जाता जाता मुलाच्या, झानिलच्या आणि नातवाच्या पाठीत एकेक रट्टा घातला, सगळ्यांना सारखा.

पाळण्याच्या अगदी तळाशी तोक्तारचा फोन होता. दगडासारखा थंडगार.

रात्री तो चुलीजवळ चार्जिंगला लावला. आयकेरिम दोन वाडगे रस्सा पिऊन उशीला टेकून बसली होती. सगळे भोवती जमले. "फार घाबरू नका," तोक्तारने बजावलं. "ऑफिसचे बरेच निरोप साचले असणार. मला कदाचित लगेच निघावं लागेल."

फोन सुरू झाला. पडद्यावर काहीतरी उमटलं. आपाने नातवाला ते मोठ्याने वाचायला लावलं.

"अभिनंदन," एर्नार वाचू लागला. "तुम्ही फोन अजिबात वापरला नाहीत." त्याने वर बघितलं. "पहिल्याच दिवशी बॅटरी संपली होती, बाबा."

"म्हणजे घरात शपथ पाळली ती आयकेरिमने आणि याने?" आपा चाट पडली.

"चुकून," झानिल म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

"आणि निरोप?" तोक्तारने विचारलं.

एर्नारने खाली-वर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "नाहीत."

"वादळात टॉवर पडला असेल, बाबा," आयकेरिम कळवळून म्हणाली. शेजारी झानिलचा लाल फोन अखंड घुरघुरत होता, तो कुणीतरी उशीखाली दाबला. घरात कुणाला कुठे बघावं कळेना. आपाने चहाचा कटोरा मुलापुढे सरकवला.

आणि तेवढ्यात तोक्तारचा फोन वाजला.

तो ताडकन उभा राहिला. जाकिटाची बटणं लावली, घसा खाकरला, सगळ्यांकडे एक विजयी नजर टाकली आणि फोन कानाला लावला. "पाणीपुरवठा! तोक्तार बोलतोय!"

आवाज फोनमधून आला आणि भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातूनही.

"मीच हो. आपाच्या फोनवरून. म्हटलं, एखादा तरी यावा."